दोस्ती तेल अवीवशी, हिशेब घरातला

कोणत्याही देशाचे परराष्ट्र धोरण राष्ट्रहितावर ठरते, असे आपल्याला शाळेपासून शिकवले जाते. हे अर्धसत्य आहे. राष्ट्रहित म्हणजे काय, हे ठरवणारी माणसे त्याच देशात निवडणुका लढवतात, युत्या करतात, मतपेट्या सांभाळतात. त्यामुळे परदेशातील मित्राला किती पाठिंबा द्यायचा हे पुष्कळदा सीमेपलीकडे काय घडले यावर ठरत नाही. आपल्या गल्लीत कोणाला शत्रू ठरवायचे आहे, यावर ते ठरते. भारत आणि इस्रायल यांच्या संबंधांचा इतिहास याचा उत्तम पुरावा आहे, आणि या इतिहासाची काही पाने थेट पुण्यात लिहिली गेली आहेत.

ताज्या घटनांपासून सुरुवात करू. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसे मारली. हे क्रौर्य होते आणि त्याचा निषेध निःसंदिग्ध शब्दांतच झाला पाहिजे. त्यानंतर गाझावर जे युद्ध लादले गेले, त्यात हजारो बायकापोरे मेली. २७ ऑक्टोबर २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धविरामाचा ठराव आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. १२ डिसेंबर २०२३ रोजी तशाच मागणीच्या ठरावाला भारताने पाठिंबा दिला. १२ जून २०२५ रोजी पुन्हा तटस्थ. १२ सप्टेंबर २०२५ रोजी दोन राष्ट्रांच्या तोडग्याला मात्र होकार. या चारही वेळा मत भारताच्या नावाने पडले, पण त्यापूर्वी संसदेची संमती घेण्याची कोणावर सक्ती नव्हती. या देशाच्या नागरिकाला आपले मत कोणत्या हिशेबाने दिले गेले हे विचारण्याचा अधिकार आहे की नाही?

आता इतिहास पाहू. १ ऑगस्ट १९३८ रोजी पुण्यात हिंदू महासभेचे नेते वि. दा. सावरकर यांनी भारताच्या परराष्ट्र धोरणावर जाहीर भाषण केले. जर्मनीने नाझीवाद स्वीकारावा की नाही, इटलीने फॅसिझम स्वीकारावा की नाही, हा त्या त्या देशाचा हक्क आहे, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, गोळवलकरांचे पुस्तक निघाले. जर्मनीने ज्यूंचे जे केले त्यापासून हिंदुस्थानने धडा घ्यावा, असा त्यातला सूर होता. आणि डिसेंबर १९४७ मध्ये याच सावरकरांनी पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचे राज्य स्थापन होणार म्हणून आनंद व्यक्त करणारे निवेदन काढले.

ज्यूंना छळणाऱ्यांचे समर्थन आणि नऊ वर्षांनी ज्यूंच्या राज्याचे स्वागत, या दोन भूमिका एकाच तोंडातून कशा निघाल्या? वरवर हा विरोधाभास वाटतो. प्रत्यक्षात तो नाही. दोन्ही वेळा मोजपट्टी एकच होती आणि ती बर्लिनची नव्हती, जेरुसलेमचीही नव्हती. ती घरातली होती. येथील अल्पसंख्याकाला कसे वागवायचे, याचा नमुना १९३८ मध्ये जर्मनीत दिसला. मुसलमानांशी लढणारा देश म्हणून १९४७ मध्ये इस्रायल जवळचा वाटला. ज्यूंविषयीचे प्रेम यात कोठेच नव्हते. आज समाजमाध्यमांवर इस्रायलचे झेंडे फडकवणाऱ्यांपैकी किती जणांनी पुण्याच्या रास्ता पेठेतील सिनेगॉग पाहिले आहे, हा प्रश्न म्हणूनच विचारावासा वाटतो.

पण नाण्याची दुसरी बाजूही स्वच्छ नाही. काँग्रेसच्या भारताने १९४७ मध्ये पॅलेस्टाईनच्या फाळणीविरुद्ध मत दिले. १७ सप्टेंबर १९५० रोजी इस्रायलला मान्यता दिली, परंतु दूतावास उघडू दिला नाही. मुंबईत फक्त एक वाणिज्य दूतावास चालू दिला. नवे नाते जोडले, पण पंक्तीला बसवायचे नाही, असा हा प्रकार होता. त्यामागे अरब देशांची मैत्री, काश्मीरवरील त्यांचा पाठिंबा, वसाहतवादविरोधाचे तत्त्व ही कारणे होतीच. आणि त्याचबरोबर देशातील मुस्लिम मतदारांना काय वाटेल, हाही विचार होता. मुस्लिम समाजाच्या शिक्षणाचा, नोकऱ्यांचा, दंगलीतील न्यायाचा प्रश्न सोडवण्यापेक्षा पॅलेस्टाईनवर एक ठराव करणे स्वस्त पडते. सच्चर समितीने २००६ मध्ये त्या समाजाची जी दैना मांडली, ती ही स्वस्त मैत्री किती पोकळ होती हे सांगण्यास पुरेशी आहे.

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. भारताची तिजोरी रिकामी होती आणि शस्त्रांचा जुना पुरवठादार नाहीसा झाला होता. २९ जानेवारी १९९२ रोजी नरसिंह राव सरकारने इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. तेव्हा संरक्षणमंत्री होते आपल्याच पुणे जिल्ह्यातील शरद पवार. पुढे १९९९ च्या कारगिल युद्धात इस्रायलने मदत केली. मे २००३ मध्ये वाजपेयींचे सुरक्षा सल्लागार ब्रजेश मिश्र यांनी अमेरिकेतील ज्यू संघटनेपुढे भारत, अमेरिका आणि इस्रायल यांच्या दहशतवादविरोधी एकजुटीची भाषा केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एरिएल शेरॉन दिल्लीत आले. २००४ नंतर सत्तेवर आलेल्या संयुक्त पुरोगामी आघाडीने भाषणात पॅलेस्टाईनचे नाव घेतले आणि इस्रायलकडून शस्त्रखरेदी चालूच ठेवली. जुलै २०१७ मध्ये नरेंद्र मोदी इस्रायलला गेलेले पहिले भारतीय पंतप्रधान ठरले. म्हणजे व्यवहार दोघांचाही सारखाच. एकाने तो झाकून केला, दुसऱ्याने वाजतगाजत केला. झाकणे आणि वाजवणे, दोन्ही मतदारांसाठीच होते.

हे केवळ भारतातच घडते असे नाही. १४ मे १९४८ रोजी इस्रायलची घोषणा होताच अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी अवघ्या अकरा मिनिटांत मान्यता दिली. त्यांचे परराष्ट्रमंत्री मार्शल यांचा विरोध होता. त्या वर्षी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे तामिळनाडूतील राजकारणाने श्रीलंकेविषयीचे धोरण वेळोवेळी वाकवले. मार्च २०१३ मध्ये द्रमुकने याच प्रश्नावर केंद्राचा पाठिंबा काढला. सप्टेंबर २०११ मध्ये ममता बॅनर्जी ढाक्याला गेल्या नाहीत आणि तीस्ता नदीचा करार अडला. ज्याच्या हातात मते आहेत, त्याचे नातेवाईक सीमेपलीकडे असले तरी सरकारला ऐकू येतात.

आणि ज्याच्या हातात मते नाहीत त्याचे काय होते? याचे उदाहरण अस्सल मराठी आहे. कोकणात शेकडो वर्षे राहिलेले बेने इस्रायली मराठी बोलत, घाण्यावर तेल काढत आणि शनिवारी काम बंद ठेवत. म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' हे नाव दिले. या भूमीची हवाच अशी की त्यांच्यातही गोरे इस्रायली आणि काळे इस्रायली असा भेद रुजला. १९४८ नंतर यातील हजारो कुटुंबे मुंबई, पुणे, अलिबाग सोडून इस्रायलला गेली. तेथे काय वाढून ठेवले होते? रंगावरून अवहेलना. काहींनी सत्याग्रह केला, 'आम्हाला परत पाठवा' म्हणून धरणे धरले आणि १९५२ मध्ये एक गट भारतात परतलाही. पुढे तेथील धर्मपीठाने आदेश काढला की बेने इस्रायली मुलाला वा मुलीला इतर ज्यूशी लग्न करायचे असेल तर आधी त्यांच्या आईकडील पिढ्या तपासा. शुद्ध रक्ताचा दाखला आणा, मगच लग्न लावू! ही भाषा आपल्याला नवी आहे काय? धर्म बदलला, देश बदलला, तरी शुद्धाशुद्धतेची पोथी तीच. ही माणसे झुकली नाहीत. ती रस्त्यावर उतरली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेला जाहीर करावे लागले की बेने इस्रायली हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. ही लढाई मराठी माणसांनी जिंकली. पण महाराष्ट्रात तिच्यावर कोणी निवडणूक लढवली नाही, कारण त्यात मते नव्हती. इस्रायलचे आजचे भक्तही ही लढाई सांगत नाहीत, कारण ती सांगितली तर इस्रायलमध्येही भेदभाव आहे आणि त्याविरुद्ध लढावे लागते हे कबूल करावे लागेल.

आता कोणी म्हणेल, वकीलसाहेब, गाझा कोठे आणि आपली वस्ती कोठे? आपल्याला शिष्यवृत्तीचे पडले आहे, अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यांचे पडले आहे. या प्रश्नाचे उत्तर पुण्यातच आहे. ३१ डिसेंबर २०१७ रोजी शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला विजयस्तंभाच्या अभिवादनासाठी निघालेल्या आपल्या माणसांवर हल्ले झाले. विश्रामबाग पोलीस ठाण्यात परिषदेविरुद्ध गुन्हा नोंदला गेला आणि जून २०१८ पासून अटकसत्र सुरू झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये उघड झाले की 'पेगासस' नावाच्या इस्रायली हेरगिरी सॉफ्टवेअरने भारतातील अनेकांच्या मोबाईलवर व्हॉट्सअ‍ॅपमार्फत हल्ला केला होता. प्रा. आनंद तेलतुंबडे आणि या प्रकरणातील आरोपीचे वकील निहालसिंग राठोड यांनी आपण त्या यादीत असल्याचे जाहीरपणे सांगितले. हे सॉफ्टवेअर फक्त सरकारांना विकले जाते, असे ते बनवणारी कंपनीच सांगते. प्रा. तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२०, म्हणजे ऐन भीमजयंतीच्या दिवशी, तपास यंत्रणेच्या स्वाधीन व्हावे लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला.

सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी या हेरगिरीच्या चौकशीसाठी तांत्रिक समिती नेमली. समितीला २९ पैकी ५ फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर आढळले. ते पेगाससच होते, असा निर्णायक पुरावा मात्र मिळाला नाही. आणि सरकारने सहकार्य केले नाही, अशी नोंद ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात झाली. कायद्याचा विद्यार्थी म्हणून मी एवढेच म्हणेन की, सरकारने हे यंत्र खरेदी केले की नाही, या साध्या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर मिळालेले नाही. अशील आणि वकील यांच्यातील संभाषण गुप्त राहिले नाही, तर बचावाचा हक्क उरतो कोठे? परदेशी मित्राचे हत्यार आपल्या खिशातल्या मोबाईलपर्यंत येऊ शकत असेल, तर परराष्ट्र धोरण हा वस्तीचा प्रश्न नाही असे कोण म्हणेल?

या ठिकाणी बाबासाहेबांकडे वळले पाहिजे. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्यामागे हिंदू कोड बिल होते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण १० ऑक्टोबर १९५१ च्या निवेदनात परराष्ट्र धोरण हेही एक ठळक कारण होते, हे आपण फारसे सांगत नाही. देशाच्या साडेतीनशे कोटींच्या महसुलातील सुमारे १८० कोटी लष्करावर जातात. हा खर्च चुकीच्या परराष्ट्र धोरणाचे फळ आहे आणि त्यामुळे उपाशी जनतेसाठी पैसा उरत नाही, असा त्यांचा हिशेब होता. त्यांची आणखी एक तक्रार होती. खरे निर्णय समित्यांमध्ये होतात, मंत्रिमंडळ ते फक्त नोंदवून घेते आणि परराष्ट्र व्यवहार समितीत त्यांना स्थानच नव्हते. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी तिबेटच्या प्रश्नावर पंचशीलाच्या घोषणेचा पोकळपणा उघडा पाडला. पंचशील हा बौद्ध धम्माचा शब्द आहे म्हणून ते भुलले नाहीत. त्यांनी विचारले ते हेच की, प्रत्यक्षात देशाचे काय होणार?

ही मोजपट्टी आपण उचलली पाहिजे. इस्रायलचा जयजयकार विरोधकाने केला म्हणून आपण आंधळेपणाने त्याच्या उलट बाजूस उभे राहायचे, हीसुद्धा घरच्या भांडणाचीच गुलामी आहे. हमासचे क्रौर्य झाकायचे नाही आणि गाझातील मुलांचे मरणही झाकायचे नाही. इस्रायलचे ठिबक सिंचन आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या उपयोगाचे असेल तर जरूर घ्यावे. पाळतीचे यंत्र घेतले असेल तर जाब विचारावा.

राज्यघटनेचे कलम ५१ राज्याला आंतरराष्ट्रीय शांतता, न्याय्य संबंध आणि कराराविषयीचा आदर यांचे मार्गदर्शन करते. करार करण्याचा विषय संघसूचीत, म्हणजे संसदेच्या कक्षेत आहे. तरीही करारांना संसदेची मान्यता सक्तीची करणारा कायदा आजवर कोणत्याही सरकारने केलेला नाही. अमेरिकेत तहाला सिनेटच्या दोनतृतीयांश मतांची गरज लागते. आपल्याकडे मंत्रिमंडळाची सही पुरते. असा कायदा व्हावा, शस्त्र आणि पाळत यंत्रणांच्या खरेदीवर संसदीय समितीची नजर असावी, ही मागणी आंबेडकरी चळवळीने आपल्या जाहीरनाम्यात घेतली पाहिजे. पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला शिष्यवृत्तीबद्दल विचारा, आणि त्याच दमात हेही विचारा की जगात आमच्या नावाने मत कोण देते आणि कोणाला विचारून देते?