प्रमाणपत्राची पत

भोसरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत नोकरीसाठी जाणाऱ्या तरुणाला प्रथम प्रमाणपत्र विचारले जाते. ते रास्तच आहे. मायक्रोमीटर वाचता येतो, एवढी हमी आयटीआयचा कागद देतो. परंतु बिघडू लागलेले काम वेळीच ओळखणारी नजर यंत्रापाशी उभे राहूनच येते. हे जाणूनच १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यांवरही शिकविण्याची जबाबदारी टाकली. मात्र शिकून तयार झालेल्यास नोकरी देण्याचे बंधन घातले नाही. २०१४ च्या दुरुस्तीने तो प्रश्न मालकाच्या धोरणावर सोपविला. मुदत संपताच स्वतः घडविलेल्या उमेदवाराला निरोप देणाऱ्या कारखान्याने पदव्यांच्या घसरत्या दर्जाची तक्रार कोणत्या तोंडाने करावी?