एनसीलेक्स पास झाली नाही? आधी रिपोर्ट नीट वाचा

सोलापूरच्या एका ज्युनियर सिस्टरचा काल फोन आला. "ताई, एनसीलेक्स गेली." अमेरिकेत नर्सिंग करायचं, तर ही परीक्षा पास व्हावीच लागते. तिला जे सांगितलं, ते सगळ्यांसाठी लिहितेय.

पहिले काही दिवस पुस्तकं बंद ठेवा. झोप घ्या, घरच्यांशी बोला. पुन्हा परीक्षेला बसायला किमान 45 दिवस थांबावंच लागतं. काही राज्यांचे नियम आणखी कडक आहेत, तेही बघा.

मग रिपोर्ट उघडा. प्रत्येक विषयात तुम्ही उत्तीर्ण पातळीच्या वर, जवळ की खाली आहात, हे त्यात असतं. 'खाली'पासून अभ्यास सुरू करा, मग 'जवळ'.

परीक्षेत तुमच्या उत्तरांनुसार कॉम्प्युटर पुढचा प्रश्न निवडतो. किमान 85, कमाल 150 प्रश्न, वेळ 5 तास. 150 पर्यंत गेला असाल, तर तुम्ही सीमारेषेच्या अगदी जवळ होतात.

एप्रिल 2023 पासून केस स्टडीज आल्या आहेत. तिथे पाठांतर पुरत नाही. कोणता पेशंट आधी बघायचा, कोणतं लक्षण धोक्याचं, हे ठरवावं लागतं.

म्हणून सराव करताना एक वही ठेवा आणि तिच्यात प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: माहिती नव्हती, प्रश्न घाईत वाचला, की प्राधान्य चुकलं? माझ्या अनुभवात सर्वांत जास्त फायदा याच वहीचा होतो.

वॉर्डात पेशंट सांभाळणारे तुमचे हात या निकालाने कमी कुशल होत नाहीत.

काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा, नक्की उत्तर देईन.