कन्येचें नांव

घरांत बालक जन्मास आलें म्हणजे त्याच्या स्वागताचे विधि आपल्या समाजांत अनेक आहेत. पांचवीच्या रात्रीं सटवी येऊन त्याच्या भाळीं भवितव्य लिहिते या समजुतीनें कोरा कागद व लेखणी मांडून ठेवितात. बाराव्या दिवशीं बारसें होतें. तांदळावर सोन्याच्या अंगठीनें नांव लिहितात, आत्याबाई तें बाळाच्या कानांत सांगतात, आणि जमलेल्या सुवासिनींस घुगऱ्या वांटतात. या सर्वांत मुख्य विधि नामकरणाचा होय. कारण नांव ही कुटुंबाकडून मिळणारी अशी भेट आहे कीं जी जन्मभर पुरते.

कन्येचें नांव कसें असावें, हें मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत सांगितलें आहे. तें सुखानें उच्चारतां यावें, कठोर नसावें, त्याचा अर्थ स्पष्ट असावा, तें मनोहर व मंगल असावें, आणि त्यांत आशीर्वाद असावा. बृहदारण्यकोपनिषदांत तर विदुषी कन्या व्हावी अशी इच्छा धरणाऱ्या दांपत्यास तीळ घालून शिजविलेला भात तुपासह खाण्यास सांगितलें आहे.

आतां आचार पाहूं. सातारा जिल्ह्यांत कित्येक घरीं मुलगी झाल्यावर तिचें नांव 'नकोशी' ठेवीत असत. ज्या नांवांत आशीर्वाद असावयाचा, त्यांतच नकार! वर्गांत हजेरी घेतांना गुरुजींनीं रोज त्या नांवानें हांक मारावी आणि त्या पोरीनें 'हजर' म्हणावें, ही केवढी शिक्षा! २०११ च्या ऑक्टोबरांत सातारा येथें समारंभ करून अशा दोनशेंहून अधिक मुलींस नवीं नांवें देण्यांत आलीं. त्याच वर्षाच्या जनगणनेंत महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागें मुली ८९४ आढळल्या. २००१ मध्यें हा आकडा ९१३ होता. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा या राज्यानें १९८८ मध्येंच केला होता. तरीहि ही घट झाली.

सुशिक्षित घरांत असें नांव कोणी ठेवीत नाहीं, हें खरें. परंतु मुलग्याचे पेढे गांवभर आणि मुलीची बर्फी शेजारापुरती, दुसरी कन्या झाली कीं बारसें घरच्या घरीं, हा प्रकार आपल्या परिचयाचा नाहीं काय? मुलगी परघरीं जावयाची, असें कारण देतात. आमच्या एकोडीच्या शिवारांत धानाचे पऱ्हे एका जागीं वाढवितात व रोवणीच्या वेळीं दुसऱ्या बांधींत नेऊन लावितात. ते पुढें उपटावयाचे म्हणून पऱ्ह्यांस खत कमी घालणारा शेतकरी आम्हीं अद्याप पाहिला नाहीं.

१ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत त्यांच्या नांवापुढें प्रथम आईचें व मग वडिलांचें नांव लिहावें, असा नियम राज्यशासनानें केला आहे. म्हणजे आज पाळण्यांत जें नांव आपण कन्येस देऊं, तेंच उद्यां तिच्या अपत्याच्या नांवाशेजारीं उभें राहणार. तें मंगल असावें. आणि तें ठेवतांना घरांतील सर्वांचे चेहरे मुलग्याच्या बारशाइतकेच प्रसन्न असावेत, एवढेंच वाचकांस सांगणें आहे.