वेदीवर उभे असलेले कोकरू

ख्रिस्ती प्रार्थनेत येशूला ‘देवाचा कोकरा’ म्हणतात. बाहेरच्या माणसाला हे जरा चमत्कारिक वाटते. ज्याला भजायचे, त्याला बळीच्या जनावराचे नाव का द्यावे?

याचे मूळ ज्यूंच्या परंपरेत आहे. इजिप्तच्या गुलामगिरीतून निघण्याच्या रात्री इस्राएली लोकांनी कोकरू मारून त्याचे रक्त दाराच्या चौकटीला लावले आणि ते वाचले, अशी बायबलमधील कथा आहे. वल्हांडण सण तो हाच. गंमत अशी, की या कोकराचा पापाशी काही संबंध नाही. ते सुटकेचे कोकरू. पापासाठी वेगळा प्रायश्चित्ताचा दिवस असे आणि त्या दिवशी दोन बोकड आणत. एकाचा बळी दिला जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रमुख याजक लोकांची पापे कबूल करी, मग त्याला रानात सोडून देत.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी हे दोन्ही अर्थ येशूच्या मरणात एकत्र पाहिले. योहानाच्या शुभवर्तमानात तर वल्हांडणाची कोकरे कापण्याच्या दिवशीच येशू क्रुसावर प्राण सोडतो. हा बळी एकदाच आणि कायमचा, असे इब्री लोकांस लिहिलेले पत्र सांगते.

मराठी ख्रिस्ती समाज याला ‘तारण’ म्हणतो. बायबलमध्ये त्यासाठी खंडणी भरून सोडवण्याची उपमा येते. आपण गहाण पडलेला दागिना सोडवतो तशी. पण मग खंडणी कोणाला दिली? तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनचे उत्तर होते, सैतानाला. १०९८ च्या सुमारास अॅन्सेल्मने ते नाकारले. पापाने देवाच्या सन्मानाचे ऋण झाले, ते फेडले गेले, असे तो म्हणाला. पुढच्याच पिढीत अॅबेलार्डने विचारले, निरपराध्याचे रक्त मागणे हे क्रौर्य नव्हे काय? त्याच्या मते क्रूस हे देवाच्या प्रेमाचे दर्शन, आणि त्यानेच माणूस बदलतो.

मला अॅबेलार्डचा प्रश्न रास्त वाटतो. मात्र एक गोष्ट सुटू नये. एरवी बळी माणूस देतो आणि देव घेतो. इथे देणारा देवच आहे, अशी श्रद्धा आहे. रक्ताला भुकेलेल्या देवाचे चित्र तिला लागू पडत नाही.

बेल्जियममधील घेंटच्या कॅथेड्रलमध्ये व्हॅन आइक बंधूंचे १४३२ मधील प्रसिद्ध वेदीचित्र आहे. त्यातल्या कोकराच्या छातीतून रक्ताची धार प्याल्यात पडते आहे, तरी ते वेदीवर ताठ उभे आहे. नंतरच्या कोणी तरी त्याचे तोंड साध्या मेंढीसारखे रंगवून टाकले होते. २०१९ मध्ये पुरा झालेल्या दुरुस्तीत तो थर निघाला आणि मूळचे, माणसासारखे डोळे दिसू लागले. ते थेट बघणाऱ्याकडे रोखलेले आहेत.