जुने रेल्वेस्थानक आणि लोकांचे रचनागृह

एखादी इमारत ज्या कामासाठी बांधली ते काम संपले म्हणजे तिच्यापुढे दोनच गती उरतात, असे आपण धरून चालतो : ती पाडावी, किंवा कुलूप लावून तिची पडझड पाहत राहावे. रेल्वेस्थानकांच्या बाबतीत तिसरी गतीही संभवते हे युरोपातील काही नगरांनी दाखवून दिले आहे. पॅरिसमधील ओर्से स्थानक १९०० मध्ये उघडले. पुढे गाड्या लांब होत गेल्या, फलाट त्यांना तोकडे पडू लागले आणि १९३९ नंतर लांब पल्ल्याच्या गाड्या तेथे येईनाशा झाल्या. त्याच वास्तूत १९८६ मध्ये कलासंग्रहालय सुरू झाले. हॉलंडमधील टिल्बर्ग येथे इंजिने दुरुस्त करण्याची एक जुनी प्रचंड शाळा २०१९ पासून सार्वजनिक ग्रंथालय झाली असून, नागरिकांनी स्वतः काही करून पाहावे यासाठीही तेथे खोल्या राखलेल्या आहेत.

ही उदाहरणे पुढे ठेवून पालघर व बोईसरकडे वळावे, तर पहिल्याच पावलाला अडचण येते. येथील स्थानके रिकामी नाहीत. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा हा मार्ग १८६४ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोहोचला, आणि तेव्हापासून त्यावरील वाहतूक वाढतच आली आहे. २०१३ मध्ये उपनगरी गाड्या विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या; विरार-डहाणू दरम्यान आणखी दोन मार्ग टाकण्याची योजनाही मंजूर झाली. यवतमाळ-मूर्तिजापूर या अरुंद मार्गावर जशी स्थानके गाड्यांवाचून ओस पडली, तशी अवस्था येथे नाही. यास्तव येथील प्रश्न, चालत्या स्थानकाचा जुना भाग लोकांच्या नव्या कामी कसा लावावा, असा मांडला पाहिजे.

रचना हा शब्द येथे डिझाइन या अर्थी योजिला आहे. वस्तू घडविण्यापूर्वी तिचा उपयोग, आकार, द्रव्य आणि खर्च यांचा जो एकत्र विचार करावा लागतो, त्याला रचना म्हणावे. हा विचार तज्ज्ञाने एकट्याने न करता वस्तू वापरणाऱ्यांनी त्याच्यासह बसून करावा, अशी ज्या ठिकाणी सोय असेल ते रचनागृह.

चालत्या स्थानकाच्या जीर्णोद्धाराचा जवळचा दाखला भायखळ्याचा आहे. तेथील जुन्या दगडी वास्तूवर मागाहून चढलेले रंगांचे थर व वेडीवाकडी बांधकामे काढून तिचे मूळ रूप २०२२ मध्ये पुन्हा उघड करण्यात आले. गाड्या मात्र एकीकडे चालूच होत्या. त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पारितोषिकांत या कामाचा गौरव झाला. कोकणपट्टीत असे काम करताना एक गोष्ट विसरून चालत नाही. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते आणि पावसाळ्यात शोषलेली ओल ती हळूहळू बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते, खाऱ्या हवेतील क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. दुरुस्तीच्या हौसेने बिघडलेल्या भिंती दुर्लक्षाने बिघडलेल्या भिंतींहून कमी नसाव्यात! चुन्याचे काम चुन्यानेच करावे लागते, आणि ते जाणणारा गवंडी मिळविणे हेच या कामातील पहिले कठीण काम.

आता या गृहात करावयाचे काय? वारली चित्रांनी भिंती सजविल्या की कर्तव्य संपले, ही समजूत प्रथम सोडावी लागेल. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणे हे वारली सुवासिनींचे काम. त्याला विधीचा अर्थ आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर व जगापुढे आणली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, तर २०१४ मध्ये या चित्रकलेस भौगोलिक मानांकन लाभले. तरीही कापडावर, कपबशीवर छापल्या जाणाऱ्या आकृत्यांचा मोबदला पाड्यावर कितीसा पोहोचतो? आकृती कोणाची, तिचा वापर कोणत्या अटीवर, हे चित्रकारांनी स्वतः ठरविण्यास एक जागा लागते.

माझ्या मते आरंभ याहूनही साध्या वस्तूंपासून करावा. सातपाटीची मासळी घेऊन कोळणी पालघरला गाडी धरतात. पाटीतून गळणारे खारट पाणी हा सहप्रवाशांशी होणाऱ्या कुरबुरीचा जुना विषय आहे. डोक्यावर पेलेल, बर्फ टिकवील, गळणार नाही आणि डब्याच्या दारातून सहज जाईल अशी पाटी कशी असावी, हा अस्सल रचनेचा प्रश्न आहे. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये मानांकन मिळाले. पण पिकू लागलेल्या फळाला दाबाचे डाग पडू नयेत अशा पेटीचा प्रश्न मानांकनाने सुटत नाही. बोईसरच्या कारखान्यांत पत्रा, सूत, प्लास्टिक हाताळणारे कामगार आहेत. पाटी वापरणारी आणि पत्रा वाकविणारा एका बाकावर बसतील असे ठिकाण स्थानकावाचून दुसरे क्वचितच सापडेल.

या भागात ‘लोकांसाठी’ हा शब्द जपून वापरावा लागतो. तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. त्याच्या विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठविली गेली आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद न्यायालयापर्यंत गेला. आपले घर कोठे व कसे असावे हे दुसऱ्याने ठरविण्याचा अनुभव येथे ताजा आहे. म्हणून रचनागृहाचा आराखडा काढण्यापूर्वी फलाटावर येणाऱ्यांशी बोलणे हा त्या आराखड्याचाच भाग मानला पाहिजे.

तेवढ्याने काही गोष्टी आपोआप स्पष्ट होतील. दालनाचे दार रस्त्याच्या बाजूस हवे. फलाटावर तिकिटावाचून जाता येत नाही, आणि पंचवीस हजार व्होल्टच्या तारांखाली मुलांनी लांब बांबू, पत्रे घेऊन वावरणे धोक्याचे आहे. वेळही दहा ते पाच ठेवून भागणार नाही. कोळणी पहाटेच जातात, कारखान्यांच्या पाळ्या दिवसरात्र बदलत असतात. त्यांच्यासाठी दालनाचे वेळापत्रक गाड्यांच्या वेळापत्रकाशेजारीच लावावे लागेल.