पिन अम्मीचा, हात कुणाचा?

मोबाइलवरून पैसे पाठवणे म्हणजे चोराला घरात बोलावणे, असे मानणाऱ्या एखाद्या खाला प्रत्येक खानदानात असतात. घरातली पोरे त्यांना हसतात. मला मात्र खालांचा संशय रास्त वाटतो. फरक इतकाच, की त्या कुलूप फोडणाऱ्या चोराला भितात आणि पैसे सहसा जातात ते आपणच कुलूप उघडून दिल्यामुळे.

२०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमध्ये खाते जोडताना बँकेत नोंदवलेल्या नंबरचे सिम त्या फोनमध्ये असावे लागते. पुढे पैसे पाठवताना, लाइटच्या किरकोळ रकमा सोडल्या तर, सहसा पिन विचारला जातो. नुसता नंबर कळला म्हणून कुणाला खाते रिकामे करता येत नाही. म्हणून तर ठग फोन करतो! ‘तुमच्या मुलीची शिष्यवृत्ती मंजूर झाली, रक्कम जमा करायला पिन टाका.’ पैसे घ्यायला पिन लागतच नाही. दुकानातला क्यूआर कोड स्कॅन केला की आपले पैसे जातात, येत नाहीत. ‘मदत करतो’ म्हणून एनीडेस्कसारखे अ‍ॅप घ्यायला लावले, तर आपली स्क्रीन त्याला दिसू लागते. याबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच इशारा दिला होता.

रमजानमध्ये जकात-सदक्याचे क्यूआर कोड व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. पिन टाकण्याआधी पडद्यावर घेणाऱ्याचे नाव येते, ते वाचा. मदरशाऐवजी भलतेच नाव दिसले तर आधी तिथल्या जबाबदार माणसाला फोन करा. जकात ज्याचा हक्क आहे त्याच्यापर्यंत पोहोचायला हवी ना?

याहून अवघड गोष्ट घरातलीच आहे. ‘लाडकी बहीण’चे पंधराशे रुपये अम्मीच्या खात्यात येतात, पण पिन ठाऊक असतो मुलाला, कधी नातवालाही. २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार पिन स्वतःच कुणाला सांगितला, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. तेव्हा पैसे गेल्याचे कळताच अब्बा रागावतील म्हणून गप्प बसू नये. लगेच बँकेला कळवावे आणि १९३० वर तक्रार नोंदवावी.

आणि उमऱ्यासाठी साठवलेले पैसे ज्या खात्यात आहेत, ते खाते अ‍ॅपला जोडूच नये. अ‍ॅपसाठी दुसरे खाते ठेवावे, त्यात महिन्याच्या किराण्यापुरते पैसे पुरेत.