पाण्याशी बोलून आखलेल्या वाटा

4 एप्रिल 1929. टास्मानियाच्या ईशान्य भागात मुसळधार पाऊस पडत होता. डर्बी गावाच्या वरच्या अंगाला, कॅस्केड नदीवर, कथलाच्या खाणीसाठी बांधलेलं धरण होतं. ते त्या दिवशी फुटलं. पाण्याचा लोंढा खाणीवरून आणि खालच्या वस्तीवरून गेला. 14 माणसं दगावली.

आज याच डोंगरांत जगभरातून माउंटन बायकर येतात. गावाभोवतीच्या जंगलात आणि पलीकडच्या ब्लू टिअर पठारावर मिळून शंभर किलोमीटरहून अधिक लांबीच्या सायकलवाटांचं जाळं आहे. त्याचं नाव ‘ब्लू डर्बी’. त्यातल्या एका वाटेला ‘डॅमबस्टर्स’ म्हणतात. त्या नावापाशी धरणफुटी आठवल्याशिवाय राहत नाही.

पाण्यावर चाललेली खाण

1870 च्या दशकात क्रुश्का बंधूंना इथे कथिल सापडलं. पुढे ‘ब्रायसिस’ ही मोठी खाण उभी राहिली. मेलबर्न कप जिंकणाऱ्या एका घोडीचं ते नाव. ही खाण पाण्यावर चालायची. दूरवरून पाटाने पाणी आणायचं, मोठ्या दाबाने त्याचा फवारा डोंगराच्या पोटावर सोडायचा आणि माती धुऊन काढायची. कथलाचं खनिज जड, ते तळाशी बसे. हलकी वाळू वाहून रिंगारूमा नदीत जाई. त्या गाळाने नदीचं पात्र भरून गेलं. भरभराटीच्या दिवसांत इथे सुमारे 3,000 लोक राहत. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी खाण बंद पडली, तरुण बाहेर गेले आणि गावात दोनशेसुद्धा माणसं उरली नाहीत.

डॉर्सेट आणि ब्रेक ओ’डे या दोन शेजारी नगरपालिकांनी सरकारी निधी मिळवून सायकलवाटांचं काम हाती घेतलं. 2015 मध्ये पहिल्या वाटा खुल्या झाल्या आणि 2017 मध्ये ‘एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज’ या माउंटन बाइक शर्यतमालिकेची फेरी इथे भरली. बंद घरांची दारं उघडली. कुठे खाणावळ निघाली, कुठे सायकल दुरुस्तीचं दुकान.

ओघळ का पडतो?

एवढी चाकं फिरूनही वाट टिकते कशी? त्याचं उत्तर शोधायला अमेरिकेत जावं लागतं. 21 ऑक्टोबर 1976 रोजी कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन एका मातीच्या रस्त्यावर उताराची शर्यत लावली. त्या उतरणीवर मागच्या ब्रेकमधलं ग्रीस तापून जळून जाई आणि दर खेपेनंतर ते नव्याने भरावं लागे. म्हणून शर्यतीचं नाव पडलं ‘रीपॅक’. खेळ पसरला तशा झिजलेल्या वाटांच्या तक्रारीही वाढल्या, अनेक ठिकाणी बंदी आली. 1988 मध्ये माउंटन बायकरांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली ती या पेचातूनच. वाट कशी बांधावी, याचे तिने पुढे रुजवलेले नियम आज जगभर पाळले जातात.

त्या नियमांचं सूत्र एकच : वाटेवर आलेलं पाणी वाटेवर रेंगाळता कामा नये. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवायचा. म्हणजे डोंगर 20 टक्के उताराचा असेल, तर वाटेचा चढ 10 टक्क्यांच्या आत. वाट त्याहून उभी झाली, की पाणी तिच्यावरूनच धावतं आणि ओघळ पाडतं. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कलता ठेवायचा, म्हणजे पाणी पातळ पसरून कडेने उतरतं. शिवाय थोड्या थोड्या अंतरावर उतरणीला मध्येच एक लहानसा चढ द्यायचा. स्वाराला तिथे लाटेवर झुलल्यासारखं वाटतं. पाण्याला मात्र तिथे वाट सोडावीच लागते.

ब्लू टिअरची वाट पोइमेना या उजाड झालेल्या खाणवस्तीपासून निघते आणि मर्टल वृक्षांच्या, वृक्षनेच्यांच्या ओल्या अरण्यातून वेल्डबरोला उतरते. अशा जंगलात ही आखणी चुकली, तर दुरुस्ती करायला माती उरत नाही. डर्बी गावाचं पोट आता उभ्या झाडांवर चालतं. म्हणूनच आसपासच्या लाकूडतोडीविरुद्ध इथे आवाज उठला.

आपल्या घाटवाटा

हे वाचताना मला सह्याद्री दिसत राहतो. लादलेले बैल कोकणातून देशावर चढवायचे, म्हणून आपल्या कितीतरी घाटवाटा नागमोडी काढलेल्या आहेत. त्या वळणांत बैलाच्या दमाचा हिशोब होता, तसाच पाण्याचाही. आज घाईने उतरणारे आपण वळणं तोडून सरळ खाली सुटतो. त्या आडवाटेवरून पहिल्या पावसाचं पाणी धावतं, दुसऱ्या वर्षी तिथे घळ पडते आणि तिसऱ्या वर्षी मूळ वाटच ढासळते. आता याच वाटांवर सायकलीही आल्या आहेत. त्यांना हाकलू नये असं मला मनापासून वाटतं. पण चाक फिरवण्याआधी कुदळ हातात घ्यायला हवी, तुटलेली वळणं पुन्हा जोडायला हवीत, ओल्या मातीवर सायकल न घालण्याचा संयम हवा.

आणि कुदळीच्याही आधी एक काम आहे. भर पावसात, छत्री घेऊन, घाटवाटेच्या एका वळणावर तासभर उभं राहायचं आणि पाणी कुठून येतं, कुठे जातं ते पाहायचं. वाट कुठे काढायची, ते त्या तासात कळतं.